जर्मनीत नोकरी गेली, विम्याचा अर्ज कधी करावा?

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत स्टुटगार्टजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अभियंता आहे. नोकरीला २६ महिने झाले, पहिल्या दिवसापासून ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कामगारांना मिळणारा युरोपीय संघाचा निवास व काम परवाना) आहे, सोबत सूनबाई आणि दीड वर्षाची नात आहे. गेल्या सोमवारी कंपनीने सांगितले की त्याचा विभाग बंद होणार आहे. याच महिन्याअखेर परस्पर संमतीने नोकरी संपवण्याच्या कागदावर सही केली तर तीन पगार एकरकमी देऊ, नाही तर दोन महिन्यांच्या मुदतीची नोटीस मिळेल. मुलगा म्हणतो, तिथे बेरोजगारी भत्ता मिळतो. मी सातपूरला ३१ वर्षे टर्नर म्हणून काम केले, कधी कोणापुढे हात पसरला नाही. परक्या सरकारचा भत्ता घेतला तर व्हिसावर शेरा बसेल, अशी भीती वाटते. त्याने दोन-तीन महिने नाशिकला यावे आणि इथूनच नवी नोकरी शोधावी, असे माझे मत आहे. काय करावे?
— एक वाचक, अशोकनगर, नाशिक

उत्तर : या प्रकरणातली एक मुदत अवघ्या ३ दिवसांची असल्याने अंक छापून येण्याची वाट न पाहता मुख्य सूचना तुम्हाला फोनवर कळवल्या आहेत. तोच प्रश्न घेऊन आणखी घरे बसली असतील, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी तुमच्या संकोचाबद्दल. ‘भत्ता’ या आपल्या शब्दानेच घोटाळा केला आहे. तो ऐकला की सरकारने दयेपोटी दिलेले पैसे डोळ्यांपुढे येतात. तुम्ही मुलाच्या पगारपत्रकाचे जे छायाचित्र पाठवले आहे, त्यात कपातीच्या रकान्यात ‘ए-व्ही’ ही दोन अक्षरे आहेत आणि त्यांच्यापुढे ६२.४० युरो लिहिले आहेत. ही बेरोजगारी विम्याची कपात आहे. ४,८०० युरो पगारावर कामगाराचा १.३ टक्के हिस्सा तेवढाच येतो, आणि तितकीच रक्कम कंपनी वेगळी भरते. तुमच्या पगारातून ईएसआयची कपात होत असे, आणि घरात कोणी आजारी पडले की तुम्ही सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात जात असाल. तेव्हा आपण हात पसरतो आहोत असे तुम्हाला वाटले नसेल. मुलाचा हक्क त्याच जातीचा आहे.

व्हिसाची भीतीही याच कारणाने बाजूला ठेवता येते. जर्मनीचा निवास कायदा वर्गणीतून मिळणारी रक्कम आणि करातून दिले जाणारे निर्वाह-साहाय्य यांत स्पष्ट भेद करतो. दुसऱ्या प्रकारचे साहाय्य परदेशी माणसाच्या निवास परवान्याला अडचणीचे ठरू शकते. बेरोजगारी विम्याची रक्कम मात्र सरकारी मदतीत धरली जात नाही.

गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने वर्गणी भरलेल्याला हा हक्क मिळतो. १२ महिन्यांच्या वर्गणीवर ६ महिने रक्कम मिळते, आणि २४ महिने वर्गणी झालेल्या तरुणाला १२ महिने. तुमचा मुलगा या दुसऱ्या गटात बसतो. निव्वळ पगाराच्या ६० टक्के आणि मूल असल्यास ६७ टक्के असा दर आहे. हातात येणारा पगार ३,००० युरो धरला तर नातीमुळे त्याला महिन्याला सुमारे २,०१० युरो मिळतील, आणि त्या काळात आरोग्य विम्याचा हप्ताही ही रक्कम देणारे रोजगार कार्यालयच भरेल. दीड वर्षाचे मूल घरात असताना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आता त्या संमतीच्या कागदाकडे येऊ, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. स्वतः राजीनामा दिला किंवा अशा करारावर सही केली, तर माणसाने आपणहून नोकरी सोडली असे मानून साधारणपणे १२ आठवडे रक्कम रोखली जाते आणि एकूण हक्काचाही किमान चौथा हिस्सा कापला जातो. तीन पगार म्हणजे १४,४०० युरो खरे, पण नोटीस घेतली तर दोन महिन्यांचे ९,६०० त्याला काम करून मिळणारच आहेत; जास्तीचे उरतात ४,८००, तेही कर कापण्यापूर्वीचे. दुसऱ्या बाजूला हक्कातले तीन महिने, म्हणजे सुमारे ६,०३० युरो, जाण्याची शक्यता आहे, आणि त्या रकमेवर थेट कर नसतो. काही अटी काटेकोर पाळल्या तर ही बंदी टळू शकते; पण या कागदात नोटिशीची मुदतच पाळलेली नाही. कामगार कायद्याच्या वकिलाने वाचल्याशिवाय त्याने त्यावर सही करू नये. कंपनीचा माणूस समोर पेन घेऊन बसला, तरी ‘मी विचार करून सांगतो’ एवढेच म्हणावे.

नोटीस कागदावर आणि प्रत्यक्ष सहीची असावी लागते. ईमेलने किंवा तोंडी दिलेली नोटीस जर्मनीत ग्राह्य धरली जात नाही. ती हातात पडल्यापासून ३ आठवड्यांत कामगार न्यायालयात दाद मागता येते. पहिल्या पायरीवर वकील नेमणे सक्तीचे नाही. नेमला तर त्याचा खर्च निकाल कसाही लागला तरी ज्याचा त्यानेच सोसायचा असतो.

नोंदणी दोनदा करायची असते, आणि आपली मुले नेमकी इथे चुकतात. नोकरी संपायला तीन महिन्यांहून कमी काळ उरला असेल, तर ते कळल्यापासून ३ दिवसांत रोजगार कार्यालयाला ‘मी नोकरी शोधत आहे’ असे कळवायचे. उशीर झाला तर एका आठवड्याची रक्कम जाते. त्यानंतर, उशिरात उशिरा बेरोजगारीच्या पहिल्या दिवशी, ‘मी बेरोजगार झालो’ ही दुसरी नोंद स्वतः जाऊन किंवा इलेक्ट्रॉनिक ओळखपत्राने ऑनलाइन करायची. पहिली नोंद केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. जाताना पारपत्र, निवास कार्ड आणि त्यासोबतचा हिरवा पुरवणी कागद न्यावा, कारण काम करण्याच्या परवानगीच्या अटी त्या कागदावर असतात.

परदेशी नागरिकांचे कार्यालय वेगळे आहे आणि तिथली मुदतही वेगळी. नोकरी संपल्याचे कळल्यापासून २ आठवड्यांत मुलाने तिथे कळवले पाहिजे. युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशानुसार, ब्लू कार्डाला दोन वर्षे झाली असतील तर एकूण ६ महिन्यांपर्यंतची बेरोजगारी हे कार्ड काढून घेण्याचे कारण होऊ शकत नाही. दोन वर्षांहून कमी असेल तर ३ महिने. विमा १२ महिन्यांचा असला तरी नव्या नोकरीसाठी हातात सहा महिनेच आहेत असे धरून त्याने चालावे. आणखी एक गोष्ट त्याला आजच विचारा : जर्मन भाषेची बी-१ (मध्यम पातळीची) परीक्षा झाली आहे का? ती असल्यास ब्लू कार्डधारकाला २१ महिन्यांनी, आणि प्राथमिक जर्मन असल्यास २७ महिन्यांनी कायम निवासाचा अर्ज करता येतो. नोटीस हातात असताना तो अर्ज टिकेल का, हे तिथल्या स्थलांतर कायद्याच्या वकिलाला नोकरी चालू असतानाच विचारावे.

त्याने नाशिकला येण्याबद्दल तुमचे मन मी समजू शकतो, पण आत्ता त्याला बोलावू नका. रक्कम घेणाऱ्याने कामासाठी तिथे उपलब्ध असावे लागते. रोजगार कार्यालयाच्या पूर्वपरवानगीने वर्षाला साधारण ३ आठवडे बाहेर राहता येते, त्यापलीकडे रक्कम थांबते. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे, पण तो निवृत्तिवेतनापुरता. बेरोजगारीची रक्कम भारतात घेता येत नाही. परतण्याचाच निर्णय झाला, तर निघण्यापूर्वी दुसरी नोंद करून हक्क मंजूर करून घ्यावा. तसा हक्क ४ वर्षे जिवंत राहतो, आणि त्या काळात तो पुन्हा कामाच्या व्हिसावर तिथे गेला तर उरलेले महिने वापरता येतात. नोंद न करता विमानात बसणाऱ्याला ही चार वर्षांची सोय मिळत नाही.

प्रश्न : धाकटा भाऊ दुबईत एसी दुरुस्तीचे काम करतो. कंपनीने माणसे कमी केली, त्यात त्याची नोकरी गेली. तिथे असे काही मिळते का?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : मिळते. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२३ पासून नोकरी जाण्याचा विमा सक्तीचा आहे. मूळ पगार १६,००० दिरहॅमपर्यंत असल्यास हप्ता महिना ५ दिरहॅम. सलग १२ महिने हप्ते भरलेले असावेत, राजीनामा दिलेला नसावा, शिस्तभंगावरून काढलेले नसावे आणि नोकरी गेल्यापासून ३० दिवसांत दावा करावा, या अटी आहेत. मूळ पगाराच्या ६० टक्के रक्कम जास्तीत जास्त ३ महिने मिळते. भावाने देश सोडला किंवा नवी नोकरी धरली की ती बंद होते. हिशेब फक्त मूळ पगारावर होतो : २,००० दिरहॅम हातात येत असले आणि त्यातला मूळ पगार १,२०० असला, तर मिळतील ७२०. शेवटच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि विम्याचे प्रमाणपत्र भावाकडून आजच मागवून घ्या, आणि कंपनीने दिलेल्या पत्रात ‘राजीनामा’ हा शब्द नाही ना, ते नीट वाचा.