पत्र्याचं छत, सोलर आणि स्नो गार्ड: तिन्ही एकाच नकाशावर काढून घ्या

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये घर, स्टँडिंग सीमचं छत (म्हणजे पत्र्यांचे जोड उभ्या कडांसारखे वर आलेले), २२ पॅनेल ठरलेली, आणि सोलरवाला म्हणतोय, "आधी पॅनेल बसवून टाकू, स्नो गार्डचं पुढच्या उन्हाळ्यात बघू." (स्नो गार्ड म्हणजे छतावरचा बर्फ एकदम घसरू नये म्हणून लावलेले अडथळे.) तुमच्या पोस्टमधलं हे वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य मी पाच वर्षांपूर्वी व्हर्माँटमध्ये ऐकलं होतं आणि शहाण्यासारखी मान डोलावली होती.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर आहे पण सॉफ्टवेअरचा. खालचं सगळं ठेच लागलेल्या माणसाचं बोलणं समजा, तुमच्या छताचा हिशोब तिथल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. पॅनेल आणि गार्ड सीमला चिमटणाऱ्या क्लॅम्पने लावायचे की पत्र्यात स्क्रू मारून, यावर वेळ घालवत नाही. सीम उभी आहे ना, मग पत्र्याला भोक पाडायचं नाही, विषय संपला.

आमचा सोलरनंतरचा पहिलाच हिवाळा होता. फेब्रुवारीत चार दिवस उणे वीसच्या आसपास गेले आणि मग एकदम लख्ख ऊन पडलं. पॅनेलवर फूटभर बर्फ. दुपारी अडीचच्या सुमारास घर हादरलं. आई तेव्हा बायकोच्या बाळंतपणासाठी देवरूखहून आली होती, ती स्वयंपाकघरातून ओरडली, "दरड आली काय रे?" कोकणातल्या माणसाला दुसरं काय सुचणार! मागचं दार उघडलं तर पायऱ्या दिसतच नव्हत्या. घर गरम करणाऱ्या हीट पंपाचं बाहेरचं युनिट वळचणीखाली होतं, ते स्टँडसकट आडवं झालेलं, तांब्याची नळी पिळवटलेली आणि तिच्यातून गॅस फुसफुसतोय. त्याच पायरीवर उभी राहून आई रोज जेवणानंतर पक्ष्यांना भाताची शितं टाकायची. त्या दिवशी बाळ रडत होतं म्हणून तिचं जेवण लांबलं होतं. लाकडाची शेगडी होती म्हणून पुढचे दहा दिवस निभावले.

नुसत्या पत्र्यावरूनही बर्फ घसरतो हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणून तर लोक स्नो गार्ड लावतात. पण पॅनेलची काच पत्र्यापेक्षाही गुळगुळीत. कडेचा थोडासा भाग उघडा पडला की काच तापते, बर्फाच्या बुडाशी पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि अख्खा तुकडा एकसंध सुटतो. माझ्या सोलरवाल्याने हीच गोष्ट गुण म्हणून विकली होती: "बर्फ आपोआप साफ होतो." होतो ना. कुठे जातो ते विचारायचं मी विसरलो.

त्यानंतर मी दुसरा गाढवपणा केला. घाईघाईने वळचणीजवळ छोटे गार्ड लावून घेतले, उंची तीन इंच. पॅनेलची काच पत्र्यापासून पाच इंच वर. मार्चमध्ये बर्फ पुन्हा सुटला तो गार्डच्या डोक्यावरून उडी मारून गेला, त्यांना शिवलासुद्धा नाही. चिकटवायचे पारदर्शक प्लास्टिकचे गार्ड शेजाऱ्याने लावले होते, ते तर बर्फाबरोबर अंगणात आले. त्यांच्या वाटेला जाऊ नका. हे माझं मत आहे, कुणाचे टिकलेही असतील.

बर्फाने नुकसान एकदा केलं, रक्त मात्र दोन ऑफिसांनी आटवलं. नावं घेत नाही. सोलरचं ऑफिस म्हणे, "बर्फ अडवणं हे छताचं काम, छतवाल्यांना विचारा." छताचं ऑफिस म्हणे, "आम्ही दिलं तेव्हा छतावर पॅनेल नव्हती, आता दुसऱ्याने क्लॅम्प लावलेत, त्यांना विचारा." सात आठवडे हे असं. दर वेळी नवा तक्रार क्रमांक, दर वेळी तेच फोटो पुन्हा पाठवा. इन्शुरन्सवाल्या बाईंनी तर बर्फ "पडला" की "घसरला" यावर वीस मिनिटं घेतली. शेवटी कळलं की दोन्ही करारांत बर्फ हा शब्दच नव्हता. व्हर्माँटमध्ये! आणि दोन्हींवर सही माझीच.

आता मुख्य मुद्दा. सोलरवाल्याने पॅनेल जास्त बसावीत म्हणून खालची ओळ पार वळचणीपर्यंत आणली होती, खाली जेमतेम आठ इंच पत्रा उरलेला. त्यात पाइपचा, म्हणजे आडव्या नळीसारखा गार्ड बसवायला जागाच नाही. म्हणून खालच्या ओळीतली आठ पॅनेल उतरवा, पॅनेल ज्यांवर बसतात त्या रेल वर सरकवा, दोन पॅनेल कायमची कमी करा, पुन्हा वायरिंग, पुन्हा तपासणी. या उलटापालटीला ३,८०० डॉलर गेले, हीट पंप वेगळा. आधीच एकत्र केलं असतं तर त्याच्या निम्म्यातही भागलं असतं. म्हणून सही करायच्या आधी एकच नकाशा मागा, त्यावर सीम, पॅनेल आणि गार्डच्या ओळी तिन्ही हव्यात. आणि घसरणाऱ्या बर्फाची जबाबदारी कुणाची, हे एका ओळीत लेखी घ्या. "आम्ही नेहमी असंच करतो" असं कुणी म्हणालं तर दुसरा माणूस शोधा.

जोर किती येतो याचा अंदाज हवा म्हणून माझाच हिशोब देतो. आढ्यापासून वळचणीपर्यंत पाखं १८ फूट, उतार ८/१२ (१२ फूट आडवं गेलं की ८ फूट चढ) म्हणजे साधारण ३४ अंश, आडवं मोजलं तर १५ फूट. छतावर दर चौरस फुटाला ४० पौंड बर्फ धरला तर वळचणीच्या प्रत्येक फुटामागे ६०० पौंड. उतारावरून खाली ओढणारा त्यातला भाग सुमारे ३३५ पौंड. माझी वळचण ४० फूट, म्हणजे एकूण सहा टनांच्या वर. सीम १६ इंचांवर असतील तर एकेका सीमवर साडेचारशे पौंडांच्या आसपास. हे एका ओळीने पेलायचं की दोन, हे क्लॅम्प कंपनीच्या तक्त्यात तुमच्या सीमचा आकार आणि पत्र्याचा गेज (जाडी) बघून ठरतं, अंदाजपंचे नाही. क्लॅम्पचा स्क्रू टॉर्क रेंचनेच, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानेच आवळायला सांगा आणि समोर उभे राहा. इम्पॅक्ट ड्रायव्हरने "घट्ट झालंय" म्हणणारे बरेच भेटतात.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. हे पत्रे आतल्या क्लिपवर पुढेमागे सरकू शकतील असे बसवलेले असतात, पक्के फक्त एका ठिकाणी, आढ्याला किंवा वळचणीला. हिवाळ्यातले उणे २५ आणि उन्हाळ्यात तापलेला काळा पत्रा यांत ९० अंशांचा फरक धरला तर १८ फुटांचा स्टीलचा पत्रा सुमारे ६ मिलिमीटर हलतो. तेव्हा गार्डने अडवलेला सगळा भार शेवटी त्या एका पक्क्या जागेवर जातो. ती जागा कुठे आहे आणि किती स्क्रूंची आहे, हे छतवाल्याला विचारा. माझ्याने आधी खांदे उडवले, मग गुपचूप आढ्याची पट्टी उघडून स्क्रू वाढवून दिले.

पॅनेलच्या फ्रेमलाच चिमटणारे गार्डही मिळतात, पण पॅनेल कंपनीला ते चालतात का हे लेखी बघा, नाहीतर वॉरंटी गेली. आणि पॅनेल किती भार पेलतं याचा माहितीपत्रकातला ५४०० पास्कलचा आकडा बघून खूश होऊ नका, तो चाचणीचा भार असतो. सुरक्षिततेसाठी १.५ ने भागा, ३६०० उरतात, म्हणजे चौरस फुटाला ७५ पौंड.

बर्फ अडवला तर वीज कमी होईल, असं कुणीतरी तुमच्या पोस्टखाली लिहिलंय. होईल थोडी. पण आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दिवसच इतके लहान की वर्षाच्या हिशोबात मला ते जाणवलं नाही. २०२५ संपताना घरमालकांची ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलतही संपली, त्यामुळे प्रत्येक युनिट मोजावंसं वाटतं हे समजतं. तरी पायरीवर माणूस उभा असतो हो.

बर्फ ओढायचा रेक घ्याल तर फोमच्या कडेचा घ्या, धातूचा काचेला लावू नका. ओलं छत असताना वर चढू नका, मी चढलो होतो, कसा ते सांगत नाही.

तुम्ही पाख्याचे चार फोटो टाकलेत, पण पाख्याखाली काय आहे ते एकातही दिसत नाही. वळचणीखालचा एक फोटो टाका. घर गरम करणाऱ्या भट्टीचा धुराचा पाइप त्या भिंतीतून बाहेर येत असेल तर ते आधी सांगा, कारण तो बर्फाने बुजला तर कार्बन मोनॉक्साइड घरात येतो आणि मग गार्डच्या आधी तो पाइप हलवावा लागेल.