बटणांची सजावट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीसाठी मी हाताने शुभेच्छापत्रे करते. रंगीत बटणांच्या पणत्या आणि फुले पांढऱ्या गोंदाने चिकटवली, की कागद वाकतो आणि काही दिवसांनी बटणे गळू लागतात. कोणता गोंद वापरावा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : गोंद बदलण्यापेक्षा सुई-दोरा हाती घ्यावा, असे मी सुचवेन. पांढऱ्या गोंदातले पाणी निघून गेल्यावरच तो घट्ट धरतो. कागद हे पाणी पितो आणि एका बाजूने फुगून वाकतो. प्लॅस्टिकचे गुळगुळीत बटण मात्र काहीच शोषत नाही, त्यामुळे त्या बाजूला गोंदाचा नुसता पापुद्रा धरतो आणि कागद जरा हलला की तो बटणापासून सुटतो.

शिवण्यासाठी कागद जाड, २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन असलेला) घ्यावा. बटण जागेवर ठेवून त्याच्या भोकांतून टोकदार पेन्सिलीने खुणा कराव्यात, मग बटण बाजूला काढून, कागदाखाली थर्माकोलचा तुकडा ठेवून, त्या खुणांवर सुईने आधी भोके पाडावीत आणि नंतरच दोरा ओवावा. मागच्या बाजूने अंदाजाने सुई खुपसत राहिल्यास चुकलेली भोके कायमची दिसतात, कारण कापडाची वीण पुन्हा मिटते, कागदातले भोक मिटत नाही. शर्टाच्या नेहमीच्या ११ मिलिमीटरच्या बटणाची भोके एकमेकांच्या अगदी जवळ असतात आणि दोरा करकचून ओढला तर मधला कागद फाटतो. म्हणून मागे सुती कापडाची लहान चकती चिकटवून, ती वाळल्यावर तिच्यासकट टाके घ्यावेत. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्यातले तीन पदर पुरतात. गाठी झाकण्यासाठी आत दुसरा पातळ कागद लावावा. त्याच्या फक्त कडांना गोंद लागत असल्याने तो सुरकुतत नाही.

शिवण्यात आणखी एक लाभ आहे, आणि माझ्या मते खरी गंमत त्यातच आहे. चार भोकांच्या पांढऱ्या बटणात हळदी दोरा नेहमीच्या फुलीऐवजी एकाच भोकातून उरलेल्या तिन्ही भोकांकडे नेला, की कोंबडीच्या पायासारखी खूण उमटते. हिरवा दोरा घेतला तर तीच पालवी वाटते. एकाच रंगाच्या स्वस्त बटणांतून अशी कितीतरी नक्षी निघते.

प्रश्न : खणाच्या तोरणावर ग्लू गनने बटणे लावली होती. उन्हात ती घसरली आणि शिवून पाहिली तर कापड चुण्या खाते. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ग्लू गनची कांडी उष्णतेने वितळते, म्हणूनच ती चिकटवता येते, मग उन्हात तापणाऱ्या दारावर ती मऊ पडली, यात नवल नाही. खणाला मागून इस्त्रीने चिकटणारे ताठ अस्तर (शिंप्यांचे ‘कॅनव्हास’) लावावे आणि इस्त्री पूर्ण उरकल्यावरच बटणांना हात घालावा, कारण गरम इस्त्रीखाली प्लॅस्टिक विरघळते. टाके घेताना बटणावर आगकाडी आडवी ठेवून दोरा तिच्यावरून न्यावा. शेवटी काडी काढून, बटण वर उचलून, सैल पडलेल्या दोऱ्याला खालून वेढे द्यावेत. त्यामुळे बटणाखाली दोऱ्याची छोटी मान तयार होते आणि कापड ओढले जात नाही. तोरण धुवायचे असेल, तर लोखंडी बटणे टाळावीत; त्यांच्या गंजाचे डाग खणावरून सहजी निघत नाहीत.

प्रश्न : आजीच्या डब्यात चकाकणारी जुनी बटणे सापडली. ती शिंपल्याची आहेत का, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : बटण गालाला लावून पाहावे. शिंपला चटकन गार लागतो, प्लॅस्टिक तितके लागत नाही. शिवाय खऱ्या बटणांची जाडी थोडी कमी-जास्त असते आणि पाठीवर बहुधा शिंपल्याच्या सालीचा तपकिरी अंश राहिलेला दिसतो. अशी बटणे गडद कापडावर दाट शिवली, तर फार खुलतात. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेन्री क्रॉफ्ट नावाच्या रस्ते झाडणाऱ्या माणसाने आपला अख्खा पोशाख शिंपल्याच्या बटणांनी मढवला आणि तो घालून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा केले; त्याचीच परंपरा चालवणारे तिथले ‘पर्ली किंग’ आणि ‘पर्ली क्वीन’ (शिंपल्याच्या बटणांचे राजे-राण्या) आजही तसेच पोशाख करतात. तुम्ही एका काळ्या पिशवीच्या काठापासून सुरुवात करावी. बटणे उजळायला लिंबू किंवा चिंच मात्र लावू नये. शिंपला मुख्यतः चुनखडीतल्याच द्रव्याचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, बनलेला असल्यामुळे आंबटाने त्याची झिलई जाते. कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडी पुसली, तरी पुरे.