अण्णांना मिलो आठवते का?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही यावल तालुक्यातले, दोन एकर केळी, दोन एकर कापूस. बायकोला लाडक्या बहिणीचे १५०० येतात, त्यातून ती शिलाई मशीनचा हप्ता भरते. पण अण्णा (माझे वडील, वय ७०) रोज जेवताना सुरू होतात की सरकारने लोकांना फुकटं करून ठेवलं, रेशनमुळे वेचणीला बाया मिळत नाहीत, असला पैसा आपल्या घरात नको. परवा बायको ताटावरून उठून गेली. अण्णांचं मलाही थोडं पटतं. पैसे बंद करावे का?
– एक वाचक

उत्तर : भाऊ, बंद-बिंद काही करू नका. हां, घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या वर असेल तर गोष्ट वेगळी, मग नियमातच बसत नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत.

आता अण्णांचं. ७० वय म्हणजे ७२ च्या दुष्काळात चांगले जाणते असतील. विचारा त्यांना रेशनची ती लाल मिलो ज्वारी कशी लागायची. माझे वडील अमळनेरकडे खडी फोडायला जायचे, हाताला फोड यायचे अन संध्याकाळी तीच भाकर, वास मारायची पण खायचे, आणि तरी म्हातारा मरेपर्यंत सांगायचा की मी कोणाचं फुकट खाल्लं नाही! बरोबरच होतं त्याचं, काम केलेलं. पण ते काम सरकारनेच काढलेलं ना, त्याच्यातूनच पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला, आणि देशाने तसा कायदा केला थेट २००५ मध्ये.

दुसरं, तुमच्या केळीला ठिबक असेलच, त्याचं अनुदान कोणी घेतलं? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचे पैसे सरकार भरतं म्हणून. पीएम किसानचे वर्षाला ६००० अण्णांच्याच खात्यात येत असतील, नाही का? ते आले की सन्मान आणि सुनेला आले की फुकट, हे काही मला झेपत नाही बुवा.

वेचणीचं म्हणाल तर रेशनला माणशी ५ किलो धान्य मिळतं, चार माणसांचं २० किलो. तेल, मिरची, पोरांची फी, दवाखाना त्यात बसतो का? सगळ्यांचा कापूस एकदमच फुटतो, मग बाया ज्याच्याकडे किलोमागे दोन रुपये जास्त तिकडे जाणार. सातपुड्यातले मजूर तर दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात, आयतं खायचं असतं तर पोरंबाळं घेऊन एवढ्या लांब कशाला गेले असते.

आणि तुमच्या बायकोने मशीन घेतलंय हो, हप्ता फिटला की ती कमावणारच. अण्णांचा पायजमा पहिला तिच्याकडूनच शिवून घ्या.

बाकी, ताटावरून उठली तिला नंतर कोणी जेव म्हटलं का? ते पत्रात लिहिलंच नाही तुम्ही.