आधी ती वही परत ठेवा

न्यू जर्सीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, रसायनशास्त्र, पुढे डॉक्टर व्हायचं ठरलेलं. सुट्टीत घरी आल्यावर तिने सांगितलं, ‘मला इंग्रजी घ्यायचंय, कविता लिहायच्यात, पुढे शिकवायचंय.’ उदाहरण दिलं एमी नेझुकुमाटाथिल या कवयित्रीचं: ‘बाबा, तिचे वडीलही भारतातलेच, केरळचे. तीही आधी केमिस्ट्रीच शिकत होती.’ वडील विचारतात, हे खूळ तिच्या डोक्यातून कसं काढू? सोबत मुलीच्या वहीतल्या सहा कवितांचे फोटो. ‘यात काही दम आहे का ते सांगा. पाठवल्याचं तिला माहीत नाही.’

नमस्कार.

फोटो मी वाचले नाहीत, काढून टाकले. तिने दाखवल्या तर जरूर वाचेन. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मेजरची नाही, ही आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीने घरी येऊन, समोर बसून, मनातलं तुम्हाला सांगितलं. कितीतरी मुलं परस्पर मेजर बदलतात आणि आईवडिलांना फार उशिरा कळतं. तिने विश्वास टाकला आणि तुम्ही तिच्यामागे तिची वही उघडलीत. ‘आम्ही सगळं सोडून इथे आलो’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आहे. ते खरं आहे, त्यामागचे कष्टही खरे आहेत. पण घरात ते कितीदा बोललं जात असेल याचा विचार करा. रोज ऐकणाऱ्या मुलीला ते कर्जाच्या हप्त्यासारखं वाटू लागतं, आणि मग ती घरी खरं बोलायचं सोडून देते.

‘कविता करून कुणाचं पोट भरलंय?’ असं तुम्ही विचारता. नुसत्या मानधनावर जवळजवळ कुणाचंच नाही, अमेरिकेतही नाही. गल्लत होते ती यापुढे. तिथले बरेच कवी विद्यापीठात शिकवतात, घर चालतं ते त्या पगारावर. एमीचाच रस्ता बघा. ओहायो स्टेटमध्ये रसायनशास्त्र सोडून ती इंग्रजीकडे वळली आणि तिथेच तिने सर्जनशील लेखनातली एमएफए ही पदव्युत्तर पदवी घेतली. मग विस्कॉन्सिन विद्यापीठात एका वर्षाची फेलोशिप, मग न्यूयॉर्क राज्यातल्या फ्रेडोनियाच्या सरकारी कॉलेजात अनेक वर्षं अध्यापन. आज ती मिसिसिपी विद्यापीठात इंग्रजीची प्राध्यापक आहे. पहिला कवितासंग्रह २००३चा. ‘वर्ल्ड ऑफ वंडर्स’ हे तिचं निसर्गावरचं गद्य पुस्तक, ज्याने तिचं नाव घरोघरी पोचलं, ते २०२०चं. मधली सतरा वर्षं ती वर्गात उभी राहून शिकवत होती आणि एकेक संग्रह काढत होती. लेकीने तिचं नाव घेतलं आहे तर ही सतरा वर्षंही दोघांनी मिळून बघा.

आणि तुमचं ते वाक्य, ‘या देशात आपल्या आडनावाच्या बाईच्या कविता कोण वाचणार?’ याचं उत्तर त्याच पुस्तकात आहे. एमी आठेक वर्षांची असताना केरळहून आजीकडून परतली होती, डोळ्यांत मोर भरलेले. शाळेत प्राण्यांच्या चित्रांची स्पर्धा होती, तिने मोर काढला. बाईंनी सांगितलं, अमेरिकन प्राणी काढ. तिने अमेरिकेचं राष्ट्रचिन्ह असलेला टक्कलगरुड (बाल्ड ईगल) काढला. पण मोठेपणी पुस्तक लिहिलं तेव्हा त्यात मोर आला, काजवे आले, अॅक्सोलॉटल हा पाण्यातला सॅलॅमँडर आला, आणि मुखपृष्ठावर ते लांबलचक आडनाव अख्खं छापलं गेलं. अमेरिकेतल्या बार्न्स अँड नोबल या मोठ्या पुस्तकदुकानांच्या साखळीने त्याला २०२०चं वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक ठरवलं. शिकलेलं विज्ञानही वाया गेलं नाही. तिच्या पानापानांवर निसर्गविज्ञान आहे.

डॉक्टरकीबद्दल एवढंच: तिथे मेडिकलला रसायनशास्त्राचंच मेजर लागत नाही. इंग्रजी घेऊन, आवश्यक विज्ञानविषय पूर्ण करून एमकॅट ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा देता येते.

आता थोडं मुलीसाठी. बाळ, बाबांची भीती साफ चुकीची नाही. प्राध्यापकीच्या कायम जागा फार थोड्या असतात आणि एकेका जागेसाठी ढीगभर अर्ज येतात. संग्रह छापून आलेली माणसंही वर्षानुवर्षं एकेका कोर्सच्या तुटपुंज्या मोबदल्यावर दोन-दोन कॉलेजांत धावतात. म्हणून एक पक्कं धर: एमएफए कर्ज काढून करायचं नाही. कित्येक विद्यापीठं फी माफ करतात, वर दरमहा पैसे देतात आणि बदल्यात तुला पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवायला लावतात. तिथेच अर्ज कर. शिकवणं झेपतं का, आवडतं का, हेही तिथेच कळेल. ते नाही आवडलं तर कविता सुटायला नको, पण पोटासाठी दुसरं काम शोधावं लागेल. आणि या सेमिस्टरला केमिस्ट्री टाकू नकोस. कवितालेखनाचा एखादा वर्ग जोडीला घे, दुसऱ्यांनी तुझ्या ओळींवर पेन चालवल्यावर तुला कसं वाटतं ते बघ.

काका, तुमच्यासाठी एकच काम. वही जिथून घेतलीत तिथे ठेवा आणि वाचल्याचं तिला स्वतःहून सांगा. चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. सांगून झालं की माझा पत्ता तिला द्या. पुढचं पत्र तिने लिहावं, कविता जोडायच्या की नाही ते तिने ठरवावं.