व्हिडिओ बघून ड्रम्स शिकताय? आधी आवाज बंद करून बघा

प्रश्न : ताई, मी चिपळूणचा. वय ४३, सहकारी बँकेत नोकरी. मुलगा शिकायला बाहेर गेला आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट घरी नुसता पडून आहे. मला ड्रम्सची हौस शाळेपासूनची, पण इथे शिकवणारं कुणी नाही. म्हणून रोज रात्री यूट्यूबवर नवा धडा बघून वाजवतो. एक साधी बीट येते, पण गाण्याबरोबर वाजवायला गेलो की दुसऱ्या ओळीला सुटते. कुठले व्हिडिओ बघावेत?

तुमच्या पत्रात 'रोज नवा धडा' असं लिहिलंय ना, तिथेच गोम आहे. वयाचा यात काही संबंध नाही. माझ्याकडे पन्नाशीनंतर पहिल्यांदा स्टिक हातात धरलेली माणसं शिकली आहेत आणि ती पोरांपेक्षा चिकाटीने शिकतात. पण रोज नवा शिक्षक म्हणजे रोज नवी पकड, मोजायची नवी रीत. त्यातून हाताला काहीच पक्कं बसत नाही. तेव्हा एक शिक्षक निवडा आणि त्याची नवशिक्यांसाठीची मालिका पहिल्या भागापासून ओळीने करा. आवडलेल्या भागावर उडी मारायची नाही.

तो एक कसा निवडायचा? मी विद्यार्थ्यांना सांगते ती पहिली परीक्षा अशी : आवाज पूर्ण बंद करा आणि दोन मिनिटं नुसतं बघा. शिक्षकाचे दोन्ही हात मनगटापासून स्टिकच्या टोकापर्यंत दिसतात का? बेस ड्रमच्या पेडलवरचा पाय दिसतो का? बऱ्याच व्हिडिओंत कॅमेरा समोर असतो. त्यात झांजा दिसतात, चेहरा दिसतो आणि शिकायचं ते सगळं टॉमच्या (वर बसवलेल्या छोट्या ड्रम्सच्या) मागे दडून राहतं. नवशिक्याला वरून खाली बघणारा एक कॅमेरा आणि पायाशी एक कॅमेरा हवाच. पकड शिकवताना तर हात जवळून दिसला पाहिजे : अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत स्टिक, मागच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, बाकीची तीन बोटं सैल, स्टिकला नुसती टेकलेली. आणि घाव घातल्यावर स्टिक आपोआप वर येताना दिसली पाहिजे. ती उसळी ज्या व्हिडिओत दिसत नाही, तो व्हिडिओ हातासाठी कुचकामी. कारण नवशिका तिथेच फसतो. तो स्टिक आवळून धरतो, घाव खाली दाबून ठेवतो, आणि पाच मिनिटांत त्याचा पुढचा हात दगडासारखा होतो.

दुसरी परीक्षा उलटी. फोन पालथा ठेवा आणि फक्त ऐका. शिक्षक वाजवताना तोंडाने 'वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड' मोजतोय का? मोजत असेल तर एकच बीट सावकाश, न थांबता, निदान मिनिटभर वाजवतोय का? ठेका मोजणाऱ्या मेट्रोनोमच्या ६० बीपीएमवर, म्हणजे सेकंदाला एक ठोका. नुसते चार बार (चार-चार मात्रांचे तुकडे) वाजवून 'चला, आता पुढचं' म्हणणारे फार आहेत. त्यांची घाई तुमच्या हातात उतरते. गाण्यात दुसऱ्या ओळीला सुटतं त्याचं हेच कारण असणार : तुमचा सराव चार बारांचा आहे आणि गाणं काही चार बारांनी थांबत नाही.

तिसरी गोष्ट परीक्षेपेक्षाही मोलाची. हा शिक्षक चुकीचा हात करून दाखवतो का? 'तुमचं कोपर असं बाहेर जात असेल', 'तुमची टाच अशी उचलली जात असेल', हे ज्याला सांगता येतं त्याने समोर बसवून खरोखर नवशिके शिकवलेले असतात. उत्तम वाजवणारा उत्तम शिकवतोच असं नाही, आणि व्हिडिओत तर तो तुम्हाला बघतही नसतो. तुमच्या चुका त्याला आधीच ठाऊक असाव्या लागतात.

या कसोट्यांवर कॅनडाच्या 'ड्रमिओ' या ऑनलाइन ड्रम-शाळेचे नवशिक्यांचे धडे मला चांगले वाटतात. कॅमेरे नीट लावलेले असतात, पडद्यावर नोटेशन येतं. त्यांचा सशुल्क अभ्यासक्रमही आहे, पण यूट्यूबवर फुकट आहे तेवढं तुम्हाला बराच काळ पुरेल. पैसे भरण्याची घाई नको. हातांच्या मूळ घावांसाठी, म्हणजे रूडिमेंट्ससाठी, स्टिक बनवणाऱ्या 'व्हिक फर्थ' कंपनीचे व्हिडिओ बघा. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या अमेरिकी संस्थेने १९८४ साली ४० रूडिमेंट्सची यादी ठरवली, तीच आज जगभर शिकवली जाते. चाळीस ऐकून दचकू नका. सध्या चार घ्या : सिंगल स्ट्रोक रोल (आळीपाळीने एकेक घाव), डबल स्ट्रोक रोल (प्रत्येक हाताचे दोन-दोन घाव), पॅराडिडल आणि फ्लॅम (हलका घाव आणि त्याला चिकटून लगेच जोराचा). पॅराडिडल म्हणजे उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. हे उशीवर नको, पॅडवरच करा. उशीवर उसळी मिळत नाही.

हिंदी-मराठीतून शिकवणारेही आता बरेच आहेत. भाषा कळते म्हणून व्हिडिओ निवडू नका आणि कळत नाही म्हणून सोडूही नका. आवाज बंद करून पास होतो तो व्हिडिओ कुठल्याही भाषेतला चालेल.

आता तुमच्या सेटबद्दल. तुम्ही ब्लूटूथ हेडफोन लावत असाल तर आजच बंद करा. ब्लूटूथमधून आवाज किंचित उशिरा येतो, त्यामुळे पॅडवर मारलेला घाव तुम्हाला मागाहून ऐकू येतो आणि हात बिचारे त्या उशिराशी जुळवून घ्यायला बघतात. वायरचा हेडफोन मॉड्यूलला, म्हणजे सेटचा आवाज काढणाऱ्या डब्याला, लावा. मॉड्यूलच्या मागे किंवा बाजूला बहुतेक 'ऑक्स इन' किंवा 'मिक्स इन' असं भोक असतं, त्यात साध्या केबलने फोन जोडा. मग व्हिडिओ आणि तुमचं वाजवणं एकाच हेडफोनमध्ये ऐकू येईल. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये वेग ०.७५ किंवा ०.५ करता येतो, तोही वापरा. आणि स्टूल असं ठेवा की बसल्यावर मांड्या गुडघ्यांकडे किंचित उतरत्या राहतील. गुडघे वर आले की पेडलवर पाय जड पडतो आणि कंबर धरते.

आता मुख्य काम. तुम्हाला येते ती साधी बीट घ्या : हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) आठ घाव, बेस ड्रम एक आणि तीनवर, स्नेअर (समोरचा छोटा, कडक आवाजाचा ड्रम) दोन आणि चारवर. ६० बीपीएमवर तीन मिनिटं वाजवा आणि रेकॉर्ड करा. रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, थोड्या वेळाने ऐका, आणि फक्त 'एक' या ठोक्याकडे कान लावा. तिथे उजवा हात आणि उजवा पाय एकदम पडायला हवेत. दोन्ही मिळून एकच आवाज येतो, की 'ट-धप्' असे दोन येतात? बहुतेकांचे दोन येतात. पाय मागे राहतो, कारण पेडलला बीटर ड्रमपर्यंत न्यायला वेळ लागतो आणि हाताला तेवढा लागत नाही. हे वाजवताना कळत नाही, रेकॉर्डिंगमध्ये लख्ख कळतं. मग स्नेअर सोडून द्या. फक्त हाय-हॅट आणि बेस वाजवा, दोन आवाजांचा एक होईपर्यंत. त्यानंतर 'तीन'कडे बघा, मग स्नेअर परत आणा. समोर शिक्षक असता तर त्याने हेच ऐकलं असतं. व्हिडिओला तुमचं ऐकू येत नाही, तेव्हा तेवढं काम फोनच्या रेकॉर्डरकडून करून घ्यायचं.

दहा मिनिटं बघितलंत तर अर्धा तास वाजवा, आणि एक धडा आठवडाभर पुरवा. व्हिडिओवरून शिकणं काही आजचं नाही. न्यूयॉर्कच्या डीसीआय कंपनीने नामवंत ड्रमर स्टीव्ह गॅड यांचा व्हिडिओ १९८३ मध्ये काढला, आणि तेव्हापासून व्हीएचएस कॅसेटवर ड्रम्स शिकणाऱ्यांची एक पिढीच झाली. मी त्या पिढीच्या शेपटाला आले. कॉपी करकरून रंग उडालेली कॅसेट मागेपुढे करत एकच हात बघायचा, कारण दुसरी कॅसेट मिळायचीच नाही. आज सगळं मिळतं, म्हणून ती सक्ती आपणच स्वतःवर करायची.

आणि एक विनंती. दोन-तीन महिन्यांनी पुण्या-मुंबईला येणं झालं तर कुणा शिक्षकाकडे एकच तास बसा आणि 'माझी पकड आणि बैठक बघा' एवढंच सांगा. मनगटाची चूक पक्की झाली की सोडवायला फार त्रास होतो.

प्रश्न : माझी मुलगी १० वर्षांची, आम्ही अमरावतीला असतो. सध्या प्रॅक्टिस पॅड आणि स्टिक एवढंच घेतलंय. ती लहान मुलांचे झपाझप वाजवण्याचे छोटे व्हिडिओ बघते आणि मग 'मला येतच नाही' म्हणून रडते. असे व्हिडिओ बंद करावेत का?

बंद करू नका. ते बघूनच तिला ड्रम्स वाजवावेसे वाटले असतील. पण ते धडे नाहीत, हे तिला एकदा शेजारी बसून दाखवा. अशा कितीतरी व्हिडिओंत आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर जोडलेला असतो, आणि पन्नास वेळा चुकल्यावर जमलेला एकच तुकडा पुढे येतो. हे दहा वर्षांच्या मुलीला समजतं. समजलं की रडू बरंच कमी होतं.

धडा म्हणून तिला पाच-सात मिनिटांचा, एकच गोष्ट शिकवणारा व्हिडिओ द्या. पडद्यावर बाणांची आणि चित्रांची गर्दी नको. शिक्षक सावकाश बोलणारा हवा आणि 'आता तू वाजव' म्हणून खरोखर थांबणारा हवा. तो थांबत नसेल तर तुम्ही व्हिडिओ थांबवा. स्टिक कुठली घेतलीत ते लिहिलं नाहीत. ५ए, ७ए ही स्टिकची मापं. ५ए असेल तर बदलून ७ए घ्या, ती बारीक आणि हलकी असते. त्या वयाच्या बोटांना ५ए बरेचदा जड जाते आणि मूल मुठीने धरायला लागतं.

रोज शेवटी तिच्या आवडीचं एखादं संथ गाणं लावा. तुम्ही टाळ्यांनी चार मात्रा धरा आणि तिने फक्त दोन आणि चारला पॅडवर घाव घालायचा. बाकी काही नाही. गाणं संपेपर्यंत तिची जागा चुकली नाही, तर झपाझप वाजवणाऱ्या कित्येकांना येत नाही ते तिला आलं, आणि हे तिला मोकळेपणाने सांगा. ट्रिनिटी, रॉकस्कूल या संस्थांच्या ड्रम्सच्या ग्रेड परीक्षा असतात, त्यांचा विचार आत्ता नको. पुढे खरा सेट मिळाला की मात्र कानांवर इअरमफ पहिल्या दिवसापासून. यात हयगय करू नका, कानाचं नुकसान भरून येत नाही.

प्रश्न : मी पुण्यात एका पथकात चार वर्षं ताशा वाजवते. आता कॉलेजच्या बँडसाठी ड्रमसेट शिकतेय. नवशिक्यांचे व्हिडिओ फार सोपे वाटतात. थेट पुढचे बघितले तर चालेल का?

हातांसाठी चालेल, पायांसाठी नाही. सिंगल स्ट्रोक, रोल यांचे सोपे धडे तू खुशाल ओलांड. पण 'फ्री स्ट्रोक' किंवा 'रिबाउंड' शिकवणारा एक धडा मन लावून कर. ताशाची काडी बारीक आणि हलकी, तिला वेग द्यायची तुझ्या बोटांना सवय आहे. ड्रमची स्टिक जाड आणि वजनदार असते. तिला ढकलायचं नसतं, सोडायचं असतं. ताशासारखी मारत राहिलीस तर मनगट दुखेल.

दुसरं, आवाज. पथकात रस्त्यावर, ढोलांच्या वर ताशा ऐकू जायला हवा, म्हणून तू प्रत्येक घाव भरून मारतेस. बँडमध्ये गायकाच्या खाली राहायचं असतं. तेव्हा 'घोस्ट नोट्स' (जेमतेम ऐकू येणारे हलके घाव) आणि 'डायनॅमिक्स' (आवाज लहानमोठा करणं) शिकवणारे व्हिडिओ मुद्दाम शोध. एक करून बघ : स्टिकचं टोक दोन इंचांपेक्षा वर न जाऊ देता एक मिनिट सलग, एकसारखा रोल. तुझ्या वेगाला हे सोपं वाटेल आणि लगेच कळेल की नाहीये.

पाय मात्र बालवाडीत घाल. बेस ड्रमचा पहिला धडा, ६० बीपीएम, चिपळूणच्या वाचकांना वर सांगितलं तसं रेकॉर्डिंग. तुझे हात पुढे आणि पाय मागे आहेत, त्यामुळे कंटाळा येणार. तरी कर. आणि त्रिलोक गुर्टू यांना जरूर बघ. १९५१ साली मुंबईत जन्मलेले, गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. तबल्यावरून ड्रम्सकडे आले आणि जमिनीवर बसून वाजवता येईल असा सेट त्यांनी स्वतःच्या पद्धतीने मांडला. आपल्या वाद्याचा हात घेऊन ड्रम्सकडे जाता येतं, ते तुला तिथे दिसेल. शिकवणी म्हणून नको, ऐकायला म्हणून बघ.

गणपतीच्या आधी पथकाचा सराव सुरू झाला की हात दमतील. त्या दिवसांत ड्रमसेटवर हातांचे धडे पूर्ण थांबव आणि रोज वीस मिनिटं नुसत्या पायांचे कर : उजवा पेडलवर, डावा हाय-हॅटवर, आळीपाळीने, मोठ्याने मोजत.