ऊसतोड मजुरांच्या मुलींसाठी गावाजवळ वसतिगृह बांधायचं तर आधी काय पाहावं?

आधी संडास-न्हाणीघर कुठे येणार ते पाहा. ते इमारतीच्या आत, त्याच मजल्यावर हवं; रात्री अंगण ओलांडायची वेळ मुलीवर येता कामा नये. दाराला आतून कडी आणि वीज गेली तरी पेटणारा दिवा, यात काटकसर नको.

बीडकडचे आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात, ते मार्च-एप्रिलपर्यंत फडावरच. पोरगी सोबत गेली तर शाळा सुटते आणि राहायला पाचटाची कोपी, दाराच्या जागी गोणपाट. घरी एकटी ठेवायची भीती वाटते, म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न उरकतात. जवळ सुरक्षित खोली असती तर त्यातली कितीतरी लग्नं टळली असती, असं मला मनापासून वाटतं.

सरकारची संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 पासून आहे: 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, निम्मी मुलींची. त्यामुळे बांधण्याआधी समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा.

मुक्कामी राहणारी गृहपाल बाई मात्र पहिल्या दिवसापासून हवी. आणि आईशी बोलायला रोज संध्याकाळी फोन.