'प्रतिगामी कर' नेमका कुठल्या दिशेला जातो?

प्रश्न एका ताईंचा आहे. त्या बारावी कॉमर्सच्या शिकवण्या घेतात. कर तीन प्रकारचे, प्रगतिशील, प्रमाणशीर आणि प्रतिगामी, असं शिकवत असताना एका मुलानं विचारलं, "मॅडम, प्रतिगामी म्हणजे मागासलेल्या विचारांचा ना? मग आपलं सरकार असा कर लावतंच कशाला?" ताईंनी त्या दिवशी वेळ मारून नेली. आता त्या विचारतात की हा शब्दच चुकलाय का? कुठे कुठे 'अवरोही कर' असंही वाचलंय, तो घ्यावा का?

ताई, शब्द चुकलेला नाही. पण तुमच्या विद्यार्थ्याला जे खटकलं ते खटकण्यासारखंच आहे.

आधी व्युत्पत्ती उरकून घेऊ. प्रतिकूल, प्रतिस्पर्धी, प्रतिवाद यांतला 'प्रति' म्हणजे उलट, समोरून. प्रतिगामी म्हणजे उलट जाणारा. त्याचा जोडीदार पुरोगामी, म्हणजे पुढे जाणारा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात हा 'पुरोगामी' भेटतो तो सैन्याच्या शब्दांमध्ये, फौजेच्या पुढे चालणारा या अर्थानं. आणि त्याच ओळीत त्याच्या मागोमाग 'मंदगामी' येतो. विचारांचा तिथे काही संबंध नाही, फक्त चाल. 'पुरोगामी महाराष्ट्र', 'प्रतिगामी शक्ती' हे सगळं फार नंतरचं. पण आज मराठी माणसाच्या कानाला हेच अर्थ आधी ऐकू येतात. भाषणांनी आणि अग्रलेखांनी हे दोन शब्द इतके वापरलेत की 'प्रतिगामी' हे आता वर्णन राहिलेलं नाही, ती शिवी झाली आहे.

करांच्या संदर्भात मात्र शब्द अजून जुन्याच, चालीच्या अर्थानं वापरला जातो. प्रश्न एवढाच की उलट, पण कशाच्या उलट? उत्पन्नाच्या. माणसाचं उत्पन्न चढत गेलं की त्या उत्पन्नातला कराचा वाटा उतरत जातो, म्हणून तो प्रतिगामी. उत्पन्नासोबत वाटाही चढला तर प्रगतिशील, वाटा तेवढाच राहिला तर प्रमाणशीर. इंग्रजीतल्या 'प्रोग्रेसिव्ह टॅक्स'चं मूळही प्रोग्रेशनमध्ये आहे. गणितातल्या श्रेढीला तेच तर नाव. म्हणजे तिकडेही शब्द पायऱ्यांचाच, आणि तिकडेही राजकारणातल्या प्रोग्रेसिव्हशी त्याची गल्लत होतेच.

(जाता जाता, 'प्रगतिशील'ही काही धुतल्या तांदळाचा नाही. आपल्याकडे 'प्रगतिशील शेतकरी' म्हणजे ठिबकवाला, पुरस्कारवाला बागायतदार. त्याच्या शेतीच्या उत्पन्नाला प्रगतिशील प्राप्तिकर लागतच नाही! आणि 'प्रागतिक' म्हणावं तर जुन्या वाचकांना नेमस्तांचा, म्हणजे मवाळांचा, पक्ष आठवतो.)

आता मुलांना उदाहरण काय द्यावं? माझं आवडतं उदाहरण पगाराच्या चिठ्ठीवरचं आहे. पूर्वी मी जिथे नोकरी करत होतो तिथे महिन्याच्या शेवटी चिठ्ठ्या वाटल्या जायच्या, आणि आमचे शिपाई काका एकदा साहेबांची चिठ्ठी चुकून पाहून आले. येऊन म्हणाले, "बाकी सगळं येगळं हाय, पर एक आकडा माज्यासारखाच हाय." तो आकडा व्यवसाय कराचा होता, म्हणजे राज्य सरकार पगारातून कापून घेतं त्या प्रोफेशनल टॅक्सचा. २०० रुपये.

महाराष्ट्रात पुरुषाचा महिन्याचा पगार ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर हा कर नाही. त्यापुढे १०,००० पर्यंत महिना १७५ आणि १०,००० च्या वर सरसकट २००. फेब्रुवारीत मात्र ३००, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. (सगळ्यांत छोट्या महिन्यात सगळ्यांत मोठी कपात, ही गंमत दर वर्षी कुणाच्या तरी लक्षात येते.) बाईमाणसांना २०२३ पासून २५,००० पगारापर्यंत माफी आहे. आता हिशेब मांडा. बारा हजार पगाराचा सिक्युरिटी गार्ड वर्षाला १,४४,००० मिळवतो, त्यातले २,५०० जातात. हजारामागे सतरा रुपये. दोन लाख पगाराचा मॅनेजर चोवीस लाख मिळवतो, त्याचेही २,५०० जातात. हजारामागे एक रुपया. वर जुनी प्राप्तिकर प्रणाली निवडलेल्या मॅनेजरला हे अडीच हजार उत्पन्नातून वजा करता येतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असेल तर साडेसातशे रुपये तिकडून वाचतात. गार्डाला मुळात प्राप्तिकरच लागत नाही, तो कशातून वजा करणार? मुंगीला मुताचा पूर ही म्हण जरा ओबडधोबड आहे, पण वर्गात एकदा सांगितलीत तर मुलं ही व्याख्या जन्मात विसरणार नाहीत.

इथे 'सरसकट' या शब्दाकडेही लक्ष द्या. ऐकायला किती न्यायाचा वाटतो! भेदभाव नाही, सगळे सारखे. पण कराच्या बाबतीत सरसकट रक्कम ही सगळ्यांत तीव्र उतार असलेली. याला मराठीत फार नेमका जुना शब्द आहे: डोईपट्टी. माणसामागे एक डोकं, डोक्यामागे ठरलेली रक्कम. आपण 'दरडोई उत्पन्न' म्हणतो त्यातली डोई तीच. व्यवसाय कर हा कमावत्या डोक्यावरची डोईपट्टीच म्हणायची. धंद्यावरचा कर ही कल्पनाही आपल्याला नवी नाही, पेशवाईच्या कागदांत कारागीर-दुकानदारांवरचा 'मोहतर्फा' येतो तो त्याचाच पूर्वज.

मग सरकार वरच्या पगारांना जास्त दर का लावत नाही? कारण हात बांधलेले आहेत. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदानं या कराला माणशी वर्षाला कमाल मर्यादा घातली आहे. ती आधी २५० रुपये होती, १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनं २,५०० झाली आणि तिथेच थांबली. तेव्हा अडीच हजार ही बरी रक्कम होती, पायऱ्या पाडायला जागा होती. पगार वाढत गेले, छत तेवढंच राहिलं, आणि जवळजवळ सगळेच शेवटच्या पायरीवर येऊन उभे राहिले. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा प्राप्तिकर केंद्राचा, राज्याला तो लावता येत नाही. त्यामुळे राज्याच्या हाती उरतात खरेदी, घर, गाडी, दारू, पेट्रोल असल्या गोष्टी, आणि यांत माणसाचं उत्पन्न विचारलंच जात नाही.

आता तुमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे या. प्रतिगामी म्हणजे मागासलेल्या विचारांचा, हे याच कराला लावून बघा बरं. महाराष्ट्रानं हा कर १९७५ मध्ये आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळानंतरचे दिवस. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली योजना: गावात हाताला काम मागणाऱ्याला सरकारनं काम द्यायचंच. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून कर घ्यायचा आणि जेवढा गोळा होईल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. पुढे केंद्राची ग्रामीण रोजगार हमी योजना आली तेव्हा महाराष्ट्राचा हा दाखला समोर होता. म्हणजे राजकारणाच्या भाषेत देशातला सगळ्यांत पुरोगामी म्हणावा असा कायदा अर्थशास्त्राच्या भाषेत प्रतिगामी असलेल्या करावर उभा राहिला! एका वाक्यात दोन्ही खरं आहे, आणि म्हणूनच ते वाक्य बारावीच्या मुलाला कळत नाही. कर कसा गोळा होतो ही एक गोष्ट, तो कुणावर खर्च होतो ही दुसरी. 'प्रतिगामी' हा शब्द फक्त पहिलीबद्दल बोलतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की दोन्हींचा निकाल लागला.

उलट बाजूचंही उदाहरण आहे. २०२१ पासून घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. धोरण पुरोगामी, वादच नाही. पण चाळीस लाखांचा फ्लॅट घेणारीचे चाळीस हजार वाचतात आणि चार कोटींचा घेणारीचे चार लाख. भाड्याच्या खोलीत राहणारीला या सवलतीची बातमी तेवढी वाचायला मिळते. आणि तीच भाडेकरीण प्रतिज्ञापत्र करायला गेली तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभराच्या स्टॅम्प पेपरची जागा पाचशेच्यानं घेतलेली. काही दाखल्यांना पुढे त्यातून सूट मिळाली, पण लोकांच्या तोंडचा 'शंभराचा बाँड' गेला तो गेलाच.

एक सावधगिरी सांगतो, कारण इथे शिक्षकसुद्धा फसतात. 'प्रमाणशीर' म्हटलं की विचारायचं, कशाच्या प्रमाणात? बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी सगळ्यांना एकाच टक्क्यानं लागतो, म्हणून तो प्रमाणशीर, असं मुलं लिहितात. तो किमतीच्या प्रमाणात आहे. उत्पन्नाच्या मापानं बघाल तर महिन्याची सगळी कमाई किराणा-कपड्यांत संपवणाऱ्याच्या कमाईतला जवळजवळ प्रत्येक रुपया दुकानातून जातो, आणि निम्मी कमाई म्युच्युअल फंडात टाकणाऱ्याची निम्मीच. म्हणजे कागदावर सपाट, घरात उतरता.

माझा सगळ्यांत लाडका नमुना मात्र गाड्यांचा आहे. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला नोंदणीच्या वेळी एकरकमी कर लागतो: दहा लाखांपर्यंत ११ टक्के, वीस लाखांपर्यंत १२, त्यावर १३. झकास चढत्या पायऱ्या. पण या कराला कमाल मर्यादा आहे. ती वीस लाख रुपये होती, २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीस लाख केली. तेरा टक्क्यांनी तीस लाख होतात ते साधारण दोन कोटी तीस लाखांच्या गाडीला. त्यापुढे गाडी कितीही महाग घ्या, कर तेवढाच. पाच कोटींच्या गाडीला तो सहा टक्के पडतो, आणि कर्ज काढून घेतलेल्या सात लाखांच्या गाडीला अकरा. आता याला काय म्हणाल, प्रगतिशील की प्रतिगामी? एकाच करात दोन्ही! 'विचारांचा' अर्थ मनात ठेवलात तर बुद्धी चक्रावते. पण 'आधी चढता, मग उतरता' म्हटलंत तर पाचवीतलं पोरही मान डोलावेल.

आणि हेच माझं उत्तर. आपण शाळेत 'संख्या चढत्या क्रमाने लिहा', 'उतरत्या क्रमाने लिहा' असं शिकलो. भाषेत 'चढती भाजणी', 'उतरती भाजणी' हे प्रयोगही आहेतच (थालीपिठाची भाजणी वेगळी, ही क्रमवारीची). मग 'चढता कर' आणि 'उतरता कर' म्हणायला काय हरकत आहे? मधल्याला 'सपाट कर' म्हणा. या शब्दांत शाबासकी नाही आणि शिवीही नाही. कर उतरता आहे हे आधी ठरवायचं, तो वाईट आहे का हे नंतर भांडून ठरवायचं; 'प्रतिगामी' म्हटलं की भांडण सुरू व्हायच्या आधीच निकाल हातात मिळतो.

'अवरोही' बद्दल विचारलंत. अर्थानं चोख आहे, 'आरोही'ची जोडही आहे. पण मला तो शब्द ऐकला की पेटी आणि तानपुराच आठवतो, आणि 'अवरोही कर' म्हणजे सा नी ध प करत खाली येणारा कर वाटतो. कुणाला आवडत असेल तर माझी ना नाही. 'ऱ्हासमान कर' मात्र नको. त्यात कराचाच ऱ्हास होतोय असा भास होतो, आणि ऱ्हास होत असतो उत्पन्नातल्या त्याच्या वाट्याचा.

आता परीक्षेचं. पेपर तपासणारे 'प्रतिगामी'च शोधणार, तेव्हा मुलांना उत्तरात तोच शब्द लिहायला सांगा आणि पुढे 'म्हणजे उत्पन्नाच्या उलट चालणारा, उतरता' असं एकदा जोडायला लावा. त्या मुलाला माझ्याकडून सांगा की प्रश्न छान होता. आणि घरी बाबांची किंवा आईची पगाराची चिठ्ठी असेल तर त्यावर 'पीटी' (प्रोफेशनल टॅक्स, म्हणजे व्यवसाय कर) पुढे काय आकडा आहे तो बघून यायला सांगा, बाकीचा तास त्यावरच जाईल.